उच्चदाब स्विचगिअरसाठी अंतर्गत आर्क वर्गीकरण कसे निवडावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्याची ३३ केव्ही जोडणी असो, मोठे रुग्णालय असो किंवा गृहसंकुलाचे सबस्टेशन असो, पॅनेलच्या निविदेत ‘इंटर्नल आर्क टेस्टेड’ एवढे लिहून पुढे जाण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. या शब्दांवरून पॅनेलच्या कोणत्या बाजूला उभे राहणारा माणूस सुरक्षित आहे, किती प्रवाहापर्यंत आणि किती वेळ सुरक्षित आहे, यातले काहीच कळत नाही. खालील उत्तरे १ केव्हीहून जास्त आणि ५२ केव्हीपर्यंतच्या, धातूच्या आवरणातील स्विचगिअरपुरती, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या ब्रेकरच्या पॅनेलपुरती, आहेत. त्यासाठीचे मानक आयईसी ६२२७१-२०० असून भारतात ते आयएस/आयईसी ६२२७१-२०० या नावाने स्वीकारलेले आहे.

अंतर्गत आर्क म्हणजे काय, आणि साध्या शॉर्ट सर्किटपेक्षा तो वेगळा कसा?

पॅनेलच्या बाहेर, फीडरवर (पॅनेलमधून वीज नेणाऱ्या केबलवर) कुठेतरी फॉल्ट झाला तर पॅनेलमधील बसबार (सर्व फीडरना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि ब्रेकर यांतून मोठा प्रवाह वाहतो, ते तापतात, त्यांच्यावर यांत्रिक ताण येतो, पण पॅनेलच्या आत ठिणगीही पडत नाही. अंतर्गत आर्कमध्ये फॉल्ट पॅनेलच्या पोटातच होतो. फेज ते फेज किंवा फेज ते अर्थ हवेतून आर्क, म्हणजे अतितप्त विद्युत ज्योत, पेटतो, कोंडलेली हवा तापून फुगते आणि सुमारे १० ते १५ मिलिसेकंदांत आतील दाब शिखर गाठतो. म्हणजे सर्वात वेगवान ब्रेकरचे संपर्क सुटण्याआधीच पत्र्यावरचा दाबाचा घाला होऊन गेलेला असतो. त्यानंतर प्रेशर रिलीफ फ्लॅप उघडतात, तापलेला वायू बाहेर पडतो, आणि फॉल्ट तुटेपर्यंत आर्क तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद वितळवत राहतो.

हे दोन टप्पे निवडीच्या दृष्टीने वेगळे ठेवावेत. दरवाजा उखडेल की टिकेल हे मुख्यतः प्रवाहावर ठरते. पत्र्याला भोक पडेल की नाही हे प्रवाह आणि वेळ या दोन्हींवर ठरते. म्हणूनच वर्गीकरणात किलोअँपिअर आणि सेकंद ही दोन्ही मूल्ये जोडीने लिहिलेली असतात.

‘आयएसी एएफएलआर २५ केए १ सेकंद’ ही नेमप्लेटवरची ओळ कशी वाचायची?

आयएसी म्हणजे अंतर्गत आर्कसाठी वर्गीकृत. त्यापुढील ए हे अक्षर पॅनेलजवळ कोण जाऊ शकतो हे सांगते: ए म्हणजे फक्त अधिकृत कर्मचारी आणि बी म्हणजे सामान्य जनतेसह कोणीही. एफ म्हणजे पुढची बाजू, एल म्हणजे दोन्ही कडेच्या बाजू आणि आर म्हणजे मागची बाजू. जे अक्षर लिहिलेले नाही, त्या बाजूची हमी कोणीही दिलेली नाही. नेमप्लेटवर फक्त ‘एएफ’ असेल, तर पॅनेल चालू असताना त्याच्या मागे किंवा बाजूला माणूस उभा राहू शकेल अशी मांडणी करणे चूक आहे.

दोन वर्ग एकत्रही येऊ शकतात. ‘बीएफ-एआर’ म्हणजे पुढची बाजू जनतेसाठी खुली, मागची बाजू फक्त अधिकृत कर्मचाऱ्यांसाठी आणि कडेच्या बाजूंना प्रवेश नाही. शेवटची दोन मूल्ये म्हणजे आर्कचा प्रवाह (केए म्हणजे किलोअँपिअर) आणि कालावधी.

चाचणीत प्रत्यक्ष काय पाहिले जाते?

हे माहीत असले की अहवाल वाचताना कोणी फसवू शकत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पॅनेलभोवती पोलादी चौकटींमध्ये काळ्या सुती कापडाचे लहान तुकडे ताणून बसवतात. ए वर्गासाठी कापड सुमारे १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाचे, कामगाराच्या जाड कपड्यासारखे असते आणि ते पॅनेलपासून ३०० मिलिमीटर अंतरावर ठेवतात. बी वर्गासाठी कापड सुमारे ४० ग्रॅमचे, उन्हाळी पातळ कपड्यासारखे असते आणि अंतर फक्त १०० मिलिमीटर असते. उभे तुकडे २ मीटर उंचीपर्यंत असतात. वरून खाली पडणारे तप्त कण टिपण्यासाठी आडवे तुकडेही असतात. छत आणि भिंती यांचीही नक्कल उभारतात. मग तिन्ही फेजना सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार जोडून प्रवाह सोडतात. ५० हर्ट्झला पहिले शिखर प्रवाहाच्या २.५ पट, म्हणजे २५ केएच्या चाचणीत ६२.५ केए एवढे असते.

उत्तीर्ण होण्यासाठी पाच निकष आहेत. दरवाजे आणि कव्हर बंदच राहिले पाहिजेत, वाकले तरी चालतील. आवरणाचे तुकडे उडता कामा नयेत. ६० ग्रॅमपर्यंतचे सुटे लहान भाग मात्र मान्य आहेत. प्रवेशयोग्य बाजूंना २ मीटर उंचीपर्यंत आर्कने भोक पडता कामा नये. तप्त वायूंमुळे एकही कापड पेटता कामा नये. आवरण अर्थिंगला जोडलेलेच राहिले पाहिजे. हे पाचही एकत्र पूर्ण व्हावे लागतात. चार जमले आणि पाचवे हुकले, तर वर्गीकरण मिळत नाही.

चाचणीनंतर ते पॅनेल पुन्हा वापरता येईल असे मानक कुठेच म्हणत नाही. इथे वाचवायचे असते ते माणसाला.

हे वर्गीकरण सक्तीचे आहे का?

मानकानुसार ते ऐच्छिक आहे; उत्पादक ते देऊ शकतो किंवा नाही. पण मानकाची दिशा स्पष्ट आहे: आर्कचा धोका नगण्य आहे असे मूल्यमापनात ठरले तर वर्गीकरण नसलेले पॅनेल चालेल, आणि धोका दखल घेण्याजोगा असेल तर वर्गीकृत पॅनेलच घ्यावे. माझ्या मते, ज्या खोलीत ऑपरेटर पॅनेलसमोर उभा राहून ब्रेकर चालवतो, तिथे धोका नगण्य म्हणता येत नाही. कोकणातील पावसाळ्याची दमट हवा, पाणी भरलेले केबल ट्रेंच, बंद पडलेला हीटर, ग्लँडच्या फटीतून शिरलेली पाल किंवा उंदीर, घाईत केलेले केबल टर्मिनेशन ही सगळी आर्कची ओळखीची कारणे आहेत. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरमधील फेरोरेझोनन्स (लोखंडी गाभ्यामुळे अचानक उसळणारे जादा व्होल्टेज) आणि अर्थिंग स्विचची चुकीची हाताळणी हीही त्यात मोडतात.

प्रवाहाचे मूल्य किती घ्यावे?

ज्या बसवर (बसबारवर) पॅनेल बसणार त्या बसची भविष्यातील कमाल फॉल्ट लेव्हल, म्हणजे फॉल्टमध्ये तिथे येऊ शकणारा प्रवाह, काढावी आणि तिच्या वरचे प्रमाणित मूल्य घ्यावे. दोन उदाहरणे पाहू. ३३/११ केव्ही, १० एमव्हीए ट्रान्सफॉर्मरचा ११ केव्ही बाजूचा पूर्ण भार प्रवाह सुमारे ५२५ अँपिअर आहे. इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा प्रवाहाला होणारा अंतर्गत अडथळा) १० टक्के धरला, तर पुरवठ्याची बाजू कितीही बळकट असली तरी एका ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे ५.२५ केए आणि दोन समांतर चालले तर १०.५ केए येतात. इथे २५ केएचे पॅनेल सुखाने पुरते. उलट १३२/३३ केव्ही, ५० एमव्हीए, १२.५ टक्के इम्पीडन्सच्या ट्रान्सफॉर्मरमधून ३३ केव्ही बाजूला सुमारे ७ केए येतात. तीन समांतर झाले की २१ केए होतात, आणि त्यात मोठ्या जनरेटरची भर पडली तर २५ केएची सीमा जवळ येते. अशा बसवर ३१.५ केएचा विचार आताच करावा, कारण आर्क क्षमता नंतर वाढवता येत नाही.

व्होल्टेजबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. ३३ केव्हीचा आर्क ११ केव्हीच्या तिप्पट विध्वंसक असतो, असे काही नाही. आर्कचे स्वतःचे व्होल्टेज प्रामुख्याने आर्कच्या लांबीवर ठरते आणि ते पुरवठ्याच्या व्होल्टेजच्या मानाने कमी असते. ऊर्जा ठरते ती हे व्होल्टेज, प्रवाह आणि वेळ यांच्या गुणाकाराने. कमी व्होल्टेजच्या पण बळकट बसवरचे पॅनेल म्हणूनच जास्त काळजीने निवडावे लागते.

कालावधी ०.१, ०.५ की १ सेकंद?

मानकात ०.१, ०.५ आणि १ सेकंद ही शिफारस केलेली मूल्ये आहेत. निर्णय घेताना फॉल्ट नेमका कोणता ब्रेकर तोडणार, हे प्रत्येक कप्प्यासाठी स्वतंत्रपणे विचारावे. आउटगोइंग फीडरच्या केबल बॉक्समधील फॉल्ट त्याच फीडरचा ब्रेकर तोडतो आणि रिले (फॉल्ट ओळखून ब्रेकरला आदेश देणारे उपकरण) तत्काळ चालला तर एकूण वेळ सुमारे १०० मिलिसेकंद होतो. बसबारवरचा फॉल्ट इनकमर (पुरवठा आत घेणारा ब्रेकर) तोडतो आणि त्याचा रिले फीडरशी समन्वय राखण्यासाठी मुद्दाम उशिराने लावलेला असतो. इनकमरच्या स्वतःच्या केबल बॉक्समध्ये आर्क पेटला तर इनकमर ब्रेकर काहीच करू शकत नाही, कारण फॉल्ट त्याच्या पुरवठ्याच्या बाजूला असतो. तो पुरवठादाराच्या सबस्टेशनमधील ब्रेकरने तोडावा लागतो. महाराष्ट्रातील एखाद्या एमआयडीसीतील कारखान्यासाठी हा ब्रेकर बहुधा महावितरणच्या किंवा महापारेषणच्या सबस्टेशनमध्ये असतो आणि त्याची वेळ ग्राहकाच्या हातात नसते. त्यात ब्रेकर अडकला आणि बॅकअप संरक्षणावर वेळ गेली, तर आणखी १५० ते २०० मिलिसेकंद धरावे लागतात.

हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला की बहुतेक ठिकाणी उत्तर १ सेकंद येते. सर्वत्र तेच घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. ०.१ सेकंदाचे वर्गीकरण फक्त तिथेच चालते जिथे प्रत्येक कप्प्यासाठी जलद संरक्षण आहे, त्याची डीसी बॅटरी शाबूत आहे आणि कोणी त्या सेटिंग्जना हात लावणार नाही याची खात्री आहे. बॅटरी उतरलेली सबस्टेशन ज्याने पाहिली आहेत, तो ही खात्री सहज देणार नाही.

पॅनेलची शॉर्ट टाइम क्षमता २५ केए, ३ सेकंद आहे. मग आर्क वर्गीकरणही ३ सेकंदांचे मागावे का?

नाही. ३ सेकंदांची क्षमता अखंड तांब्यातून वाहणाऱ्या प्रवाहासाठी आहे, आर्कसाठी नाही. ३ सेकंद आर्क चालू राहील अशी संरक्षणव्यवस्था असेल तर आधी ती सुधारावी. त्याचप्रमाणे २५ केए १ सेकंद आणि ३१.५ केए ०.५ सेकंद ही मूल्ये एकमेकांऐवजी चालत नाहीत. पहिले दाबाच्या बाबतीत कमी पडते, दुसरे पत्रा जळण्याच्या बाबतीत.

आर्क रिले बसवला तर कमी वर्गीकरण चालेल का?

प्रकाश ओळखणारे सेन्सर आणि ओव्हरकरंट यांची जोड देणारे रिले १० मिलिसेकंदांच्या आत ट्रिप आदेश देतात आणि ब्रेकरचा वेळ धरून फॉल्ट साधारण ५० ते ८० मिलिसेकंदांत तुटतो. यामुळे नुकसान खूप घटते, पॅनेल दुरुस्त होण्याची शक्यता वाढते आणि पुरवठा लवकर सुरू होतो. दाबाचे शिखर मात्र त्याआधीच येऊन गेलेले असते, म्हणून दरवाजा टिकण्याची हमी पॅनेलच्या बांधणीनेच द्यावी लागते. आर्क रिले घ्यावा, जरूर घ्यावा; वर्गीकृत पॅनेलच्या जोडीला घ्यावा, त्याच्या बदली नव्हे. इनकमरच्या केबल बॉक्समध्ये सेन्सर लावताना पुरवठ्याच्या बाजूच्या ब्रेकरला इंटरट्रिप, म्हणजे दुरून ट्रिप करण्याचा आदेश, दिली आहे का, ते तपासावे. ती नसेल तर त्या सेन्सरचा काही उपयोग नाही.

काही मिलिसेकंदांत तिन्ही फेज अर्थ करून आर्कच विझवणारी अतिजलद अर्थिंग उपकरणेही मिळतात आणि ती दाबही रोखतात. महत्त्वाच्या, बंद पडणे परवडत नाही अशा बसवर त्यांचा खर्च समर्थनीय ठरतो.

मागच्या बाजूचे वर्गीकरण, म्हणजे आर, खरोखर लागते का?

हे खोलीच्या नकाशावर ठरते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आलेली तरतूद अशी आहे की स्विचबोर्डासमोर किमान १ मीटर मोकळी जागा असावी, आणि मागे जोडण्या किंवा उघडे भाग असतील तर मागची जागा एकतर २० सेंटीमीटरपेक्षा कमी असावी, म्हणजे माणूस शिरूच शकणार नाही, किंवा ७५ सेंटीमीटरपेक्षा जास्त असावी, म्हणजे त्याला नीट काम करता येईल. आर्क वर्गीकरणाशी हा विचार नेमका जुळतो. आपल्याकडचे बहुतेक हवेचे इन्सुलेशन असलेले ड्रॉ-आउट (ब्रेकर बाहेर ओढता येणारे) पॅनेल मागून केबल जोडण्याचे असतात. मागे वाट असते, तिथे माणूस जातो, म्हणून आर लागतोच. भिंतीला लागून बसणाऱ्या गॅस इन्सुलेटेड पॅनेलला एएफएल पुरते, मात्र भिंतीचे अंतर उत्पादकाने चाचणीनुसार सांगितलेलेच ठेवावे.

‘मागे कोणी जात नाही’ हे तोंडी उत्तर मान्य करू नये. कुलूप असलेली जाळी आणि फलक असेल तरच ती बाजू प्रवेशबंद समजावी.

खोलीचा आणि वर्गीकरणाचा संबंध काय?

फार मोठा, आणि सर्वात जास्त दुर्लक्षिलेला. वर निघालेला तप्त वायू छतावर आपटून खाली येतो. चाचणी ज्या छताच्या उंचीवर झाली, त्याहून उंच छत चालते, कमी उंचीचे चालत नाही. तळघरातील खोलीत पॅनेलच्या डोक्यावर वातानुकूलनाची डक्ट किंवा केबल ट्रे नंतर टाकला जातो आणि वायूची वाट अडते. असे झाले की नेमप्लेटवरील वर्गीकरणाला त्या खोलीत अर्थ उरत नाही. छत कमी असेल तर वायू इमारतीबाहेर नेणारी डक्ट घ्यावी, पण ती डक्टसह चाचणी झालेली असावी. शेवटच्या क्षणी गावातल्या पत्राकाम करणाऱ्याकडून करून घेतलेली डक्ट चालणार नाही. डक्टचे तोंड बाहेर जिथे उघडते तिथे जाण्यायेण्याची वाट, खिडकी किंवा दुचाकींचा तळ नसावा.

इमारतीच्या भिंतींवर येणारा दाब चाचणीत तपासला जात नाही. खोली लहान असेल तर उत्पादकाकडून दाबाची गणना मागवावी आणि ती स्थापत्य अभियंत्याला द्यावी. दरवाजे बाहेर उघडणारे असावेत.

रस्त्यालगतच्या आरएमयूला कोणता वर्ग घ्यावा?

पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांत पदपथावर उभ्या असलेल्या आरएमयूच्या (रिंग मेन युनिट, म्हणजे केबलच्या रिंगमधील स्विचची पेटी) शेजारी भाजीवाले बसतात, शाळेची मुले थांबतात. तिथे ए वर्ग पुरेसा नाही. ज्या ज्या बाजूला लोक येऊ शकतात त्या सर्व बाजूंसाठी बी हवा, आणि तो बाहेरच्या कियॉस्कसह तपासलेला हवा. आतल्या आरएमयूचे स्वतःचे वर्गीकरण बाहेरच्या पेटीला आपोआप लागू होत नाही. ट्रान्सफॉर्मरसह येणाऱ्या कॉम्पॅक्ट सबस्टेशनसाठी वेगळे मानक, आयईसी ६२२७१-२०२, आहे आणि त्यात आयएसी-ए हा वर्ग दार उघडून काम करणाऱ्या ऑपरेटरचे, आयएसी-बी हा आसपासच्या जनतेचे आणि आयएसी-एबी दोघांचे संरक्षण सांगतो. सार्वजनिक जागी एबी घ्यावा.

वर्गीकृत पॅनेल असेल तर आर्क सूटची (आर्कपासून वाचवणाऱ्या पोशाखाची) गरज उरत नाही का?

उरते. वर्गीकरण पॅनेल सामान्य स्थितीत चालू असताना, उच्चदाब कप्प्यांचे सर्व दरवाजे आणि कव्हर बंद आणि पक्के असतानाच लागू आहे. दरवाजा उघडला की ते संपले. म्हणून ब्रेकरचे रॅकिंग, म्हणजे तो आत-बाहेर सरकवणे, दरवाजा बंद ठेवूनच करता येईल असे पॅनेल निवडावे, आणि शक्य असेल तिथे रॅकिंग व स्विचिंग दुरून करावे. केबल तपासण्यासाठी कव्हर काढायचे असेल तर शटडाऊन, तपासणी, अर्थिंग हा क्रम कोणत्याही वर्गीकरणामुळे टळत नाही. आर्कमधील धूर आणि सल्फर हेक्साफ्लोराइडचे विघटित वायू विषारी असतात; त्यांचाही या चाचणीत विचार नाही.

टाइप टेस्ट (नमुना पॅनेलवरील प्रयोगशाळेतील चाचणी) अहवालात काय तपासावे?

पहिले पान पाहून समाधान मानू नये. ब्रेकर, बसबार आणि केबल या तिन्ही कप्प्यांत स्वतंत्र चाचण्या झाल्या आहेत का, ते पाहावे. एकाच कप्प्याचा अहवाल दाखवून संपूर्ण पॅनेल वर्गीकृत असल्याचे सांगणारे प्रस्ताव येतात. अहवालातील रेखाचित्रातील रुंदी, खोली, उंची, प्रेशर फ्लॅपची जागा आणि पत्र्याची जाडी प्रस्तावित पॅनेलशी जुळवावी. छताची आणि भिंतींची अंतरे नोंदवून घ्यावीत. आकार थोडा वेगळा असेल तर एका चाचणीची वैधता दुसऱ्या रचनेपर्यंत नेण्यासाठी आयईसी टीआर ६२२७१-३०७ हा दस्तऐवज आहे. उत्पादकाने त्याच्या आधारे लेखी समर्थन द्यावे. एलएससी-२बी किंवा पीएम ही अक्षरे मात्र सेवा चालू ठेवण्याबद्दल आणि कप्प्यांमधील पडद्यांबद्दल आहेत. आर्क वर्गीकरणाऐवजी ती चालत नाहीत.

जागेवर पॅनेल बसवल्यानंतर वर्गीकरण कशाने बिघडते?

सर्वात साधे कारण म्हणजे बोल्ट. मागच्या केबल कव्हरला परिघावर चहूबाजूंनी बोल्ट असतात. पहिल्या देखभालीनंतर पुन्हा लावताना चार कोपऱ्यांतले चार लावले जातात आणि उरलेले पॅनेलच्या तळाशी किंवा खिडकीच्या कठड्यावर पडून राहतात. चाचणीत तेच कव्हर सर्व बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळून टिकले होते. चार बोल्टवर ते दाबाच्या पहिल्या घावातच सुटेल. चार्जिंगपूर्व तपासणीत विद्युत निरीक्षकांसमोर ठेवायच्या यादीत आणि वार्षिक देखभालीच्या यादीत बोल्टची मोजणी ही स्वतंत्र ओळ असावी.

त्याखालोखाल न बुजवलेली ग्लँड प्लेट, आयआर (इन्फ्रारेड कॅमेऱ्याने तापमान पाहण्याच्या) खिडकीसाठी दारात कापलेले भोक, आणि गळती थांबवायला प्रेशर फ्लॅपवर चोपडलेले सीलंट. यातले कोणतेही काम उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय करू नये.

आमचे पॅनेल जुने आहे आणि अहवालात आयईसी ६०२९८ लिहिले आहे. ते चालेल का?

त्या मानकात आर्क चाचणीसाठी सहा निकष होते, पण त्यांतले कोणते लावायचे हे उत्पादक आणि ग्राहक आपसात ठरवू शकत. २००३ मध्ये आयईसी ६२२७१-२०० आले तेव्हापासून सर्व निकष एकत्र पूर्ण करणे बंधनकारक झाले. २०११ आणि २०२१ च्या आवृत्त्यांनी तीच चौकट पुढे नेली. म्हणून जुना अहवाल वाचताना कोणते निकष लावले होते आणि कोणत्या बाजू तपासल्या होत्या, हे शोधावे लागते. ते सापडले नाही तर पॅनेल अवर्गीकृत समजून काम करावे: रॅकिंग आणि स्विचिंग दुरून किंवा शटडाऊनमध्ये, आर्क रिलेची जोड, खोलीत अनावश्यक वावर बंद, आणि बदलीचा प्रस्ताव पुढच्या अर्थसंकल्पात.